मेणबत्तीचा तिसरा फेरा

त्या नोव्हेंबरात मी अमेरिकेत, इंडियानातल्या आमच्या जुन्या कॉलेजात गेले, ती आमच्या सोरॉरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या भगिनीमंडळाच्या, घराची किल्ली परत करायला. आमच्या सोरॉरिटीची तिथली शाखा बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती. नव्या मुली येईनात, तेव्हा मुख्यालयानं शाखेची सनद काढून घेतली, आणि आता घरही पाडणार होते. तरी डार्लीन, गेल आणि मी दर स्थापनादिनाला तिथे जमायचो. शपथ जन्मभराची होती, शाखेपुरती नाही, असं मी ठणकावून सांगायचे. नवरा हसायचा. हसू दे.

त्या दिवशीही आम्ही तिघी घराच्या तळघरात उतरलो. त्याला खिडकी नाही. भर दुपारीही तिथे मिट्ट काळोख आणि ओल्या लाकडाचा वास.

"बॉबी, मला आता नाही गं झेपत," डार्लीन हळूच म्हणाली. "तीन म्हाताऱ्या नि एक मेणबत्ती. कुणासाठी करतोय आपण हे?"

मला राग आला, रडूही आलं. "मग मेणबत्तीलाच ठरवू दे."

आमचा रिवाज असा: गोल उभं राहून डोळे मिटायचे आणि पेटती मेणबत्ती हातोहात तीनदा फिरवायची. जिचं लग्न ठरलंय ती फुंकर मारते आणि मधोमध येऊन बातमी सांगते. आज जिला हे सगळं सोडायचंय तिनं फुंकर मारायची, असं ठरलं.

पहिला फेरा चटकन झाला. दुसऱ्याला वेळ लागला. तिसऱ्यात मी मेणबत्ती गेलच्या हाती दिली आणि ऐकत राहिले. तिघीच तर होतो... पण हातातून हातात सरकल्याचा आवाज थांबेना. आठ... नऊ... दहा.

मग कुणीतरी फुंकर मारली.

"डार्लीन?"

"मी नाही..." ती रडत होती. "मारणार होते गं, खरंच. पण माझ्यापर्यंत आलीच नाही."

"असं काय करतेस?" गेल म्हणाली. "तूच तर घेतलीस माझ्या हातातून..."

मधोमध फळी करकरली. कुणीतरी घसा खाकरला, बातमी सांगायच्या आधी लाजऱ्या मुली खाकरायच्या तसा.

मंडळातली बहीण मधे येऊन उभी राहिली की तिचं ऐकल्याशिवाय हलायचं नाही, ही आमची शपथ. "थांबायला हवं, बॉबी," डार्लीन पुटपुटली. सोडून जायला निघालेली डार्लीन! आणि मी, जन्मभराची शपथ मिरवणारी, दोघींना ओढत जिन्याकडे पळाले. त्याची लाज मला अजून वाटते.

अर्ध्या जिन्यात होतो, तेव्हा खालून टाळ्या ऐकू आल्या. पुष्कळ मुलींच्या, आनंदाच्या. बातमी त्यांना कळली होती.