वरच्या चाळीतून आलेली हाक

कळव्याच्या मागे, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला आमचं घर. वर उतारावर आमचीच चाळ, भाडेकरूंनी भरलेली. दर पावसाळ्यात महापालिकेची गाडी भोंगा वाजवत यायची, दरडीचा धोका आहे, घरं रिकामी करा. मी कधी मनावर घेतलं नाही. माझ्या सासऱ्यांनी या डोंगराखाली मिठागरं पिकवली, तेव्हा महापालिकेला जन्मायचं होतं.

यंदा महापालिकेच्या आपत्ती कक्षातली संचिता म्हणून एक पोरगी आली. देवळाच्या ओट्यावर बायका जमवून शिकवायला बसली. दार अचानक घट्ट बसायला लागलं, झऱ्याचं पाणी गढूळ झालं, झाड कललं, की समजायचं माती सुटली. मग वर जाऊन हाक द्यायची, आणि लोकांनी एका हाकेत निघायचं.

माझी सून दर्शना सगळ्यांच्या पुढे. तिला पिवळं जाकीट मिळालं, हातात धरायचा भोंगा मिळाला.

"भाजीत मीठ घालायचं आठवत नाही, आणि निघाली डोंगर सांभाळायला," मी म्हटलं.

"मीठ तुम्ही सांभाळा आई, डोंगर मी बघते."

बायका फिदीफिदी हसल्या. मग मी संचितालाच धरलं. "बाय, डोंगराकडून एक हाक आली तर आम्ही ओ देत नाय. माणूस असला तर दुसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असलं तर एकदाच."

"आजी, दरड दुसऱ्या हाकेपर्यंत थांबत नाही."

"आमची थांबते."

जुलैतली दुपार. चार दिवसांनी पाऊस उघडलेला. देवघराचं दार लागेना. मोरीमागचा झरा चहासारखा लाल वाहायला लागला. दर्शनाने ते पाहिलं आणि जाकीट चढवलं.

"आई, तुम्ही देवळाकडे निघा. मी चाळ उतरवून आले."

"जा, मिरव," मी म्हटलं.

भाडेकरू खाली यायला लागले. कडेवर पोरं, खांद्यावर गॅसच्या टाक्या, एकाच्या काखेत कोंबडी. मी घराच्या ओट्यावरून हलले नाही. शेवटचा माणूस उतरला तेव्हा मला कळलं, कावळे गप्प झालेत. समोरच्या रस्त्यावरून रिक्षा जाताना दिसत होती, आवाज नव्हता. नांगरलेल्या शेतासारखा वास सुटला होता.

"आई!"

वरून. भोंग्यातून नव्हे, नुसत्या गळ्याने. आवाज दर्शनाचा.

मी पाऊल उचललं. तसंच खाली ठेवलं. दुसरी हाक येऊ दे म्हटलं.

आली नाही.

डोंगर आला.

चाळ गेली. माती आमच्या आंगणापर्यंत येऊन थांबली. मी तिथेच उभी, आणि मागून, रस्त्याच्या बाजूने, कोणीतरी माझा दंड धरला. दर्शना. जाकीट कोरडं. पायाला चिखलाचा ठिपका नाही.

"तू वर होतीस ना गो?"

"मी केव्हाची खाली आलेय, आई."

भाडेकरूंना विचारलं. एक म्हणाला, आमच्याबरोबरच उतरली. दुसरा म्हणाला, ती मागे राहिली, दारं वाजवून बघत होती.

तिचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. माझा मयूर बायकोचे फोटो सगळ्यांना दाखवत फिरतो. आता भाजीत मीठ बरोबर पडतं. ती मला उलट बोलत नाही. गल्लीतल्या बाया म्हणतात, तुळसाबाईंनी सून वळणावर आणली. म्हणू देत.

मी चुकले असं मी कोणाला म्हणू देणार नाही. एका हाकेला ओ द्यायची नसतेच.

दरड आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, ढिगारा उपसून जेसीबी परत निघाला होता. मी चिखलातून चालत जाऊन त्याच्या आडवी उभी राहिले.

"अजून खणा."

संचिता जवळ आली. "कोणासाठी, आजी? सगळी माणसं मोजून झाली. एकही कमी नाही."

मी तोंड उघडलं. कोणाचं नाव घेऊ?

मागून माझ्या खांद्यावर हात पडला.

"नका खणायला लावू, आई," दर्शना हळूच म्हणाली. "मी आलेय ना."