भूत 'येतो' म्हणालं

चार मीटर मांजरपाट आणायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी गंजाडची तुळशी सकाळच्या एसटीनं डहाणूला गेली. भुताचा झगा शिवायचा होता. साल दोन हजार सतरा, भात झोडून झालेलं, आणि भात झोडून झालं की गंजाडला नाटक व्हायचंच. 'राजाचा सूड'. अठरा वर्षं तेच नाटक, आणि अठरा वर्षं लोक त्याच जागी रडायचे. सेनापती आपल्या राजाला विष घालून मारतो, राजाचं भूत राजपुत्राकडे येऊन न्याय मागतं, आणि शेवटी स्टेजवर इतकी मढी पडतात की पडदा ओढायला माणूस उरत नाही. मग सगळी मढी उठून चहा पितात.

हे नाटक लिहिलं होतं तुळशीच्या थोरल्या भावानं, चिमणनं. तो कोसबाडला चिकूच्या वाडीत राखणीला असायचा. तिथंच झाडाखाली बसून त्यानं ते वहीत उतरवलं. राजा तोच, भूतही तोच. डावा पाय जरा ओढत चालायचा. फळ्यांवर त्याची टाच घासली की पोरं आईच्या पदरात तोंड खुपसायची. तुळशी विंगेत वही धरून बसायची, कुणाचं वाक्य अडलं की पुरवायची. गेल्या आषाढात चिमण तापानं गेला. या वर्षी राजा आणि भूत व्हायला रिक्षावाला तुषार तयार झाला होता.

कापड घेऊन झाल्यावर तिनं नाटकातल्याच दिपकच्या सांगण्यावरून प्रेसमधून नाटकाच्या जाहिराती उचलल्या. परतीच्या एसटीत जागा मिळाली, तेव्हा कौतुकानं एक काढून वाचली. लेखकाच्या जागी दिपकचं नाव, अगोदर श्री. लावून. चिमणचं नाव आख्ख्या कागदावर कुठंच नाही.

दिपकचं तलासरीला टायपिंगचं दुकान. नाटकात तो सेनापती. तुळशी गंजाडला उतरली ती सरळ त्याच्या घराच्या दारात.

"आत्या, यंदा आपण स्पर्धेत उतरतोय. तिथं टाईप केलेलं लागतं. महिनाभर मी खपलोय."

"टाईप करणं म्हणजे लिहिणं होय रे?"

"मग वहीवर काकांचं नाव कुठंय, दाखवा ना. त्यांनी तरी कुठून उतरवून घेतलं, कोणाला ठाऊक."

तुळशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ गेला ते तिनं कसंबसं गिळलं होतं. भाऊ चोर ठरला, हे काही घशाखाली उतरेना. घरी जाऊन मशीनवर झगा शिवता शिवता तिनं मनाशी पक्कं केलं. तिसऱ्या अंकातलं लांबलचक भाषण या दिपकला जन्मात कधी धड आठवलेलं नाही. दर वर्षी शब्द न् शब्द ती पुरवायची. यंदा पुरवायचं नाही. होऊ दे भर स्टेजवर त त प प.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात तालीम बसली. भुताचं शेवटचं वाक्य होतं, "जातो मी, राजपुत्रा. आता भेट नाही." तुषारनं सगळं झकास म्हटलं आणि शेवटी म्हणाला, "येतो मी, राजपुत्रा."

आता तुम्हीच सांगा, घरातून निघताना 'जातो' म्हणतं का कुणी? तसं म्हणणारा परत येत नाही, म्हणून आपण सगळे 'येतो'च म्हणतो. चिमण मात्र भुताच्या तोंडी न चुकता 'जातो' म्हणायचा. तुषारला ते जमेना. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा 'येतो'.

"अरे, भूत आहेस तू, पाहुणा नाहीस," राणी झालेली संगिता म्हणाली.

"आईनं थोबाडीत देऊन शिकवलंय गं. तोंडातून निघतच नाही."

सगळे पोट धरून हसले. तुळशीही हसली, दिपकवरचा राग घटकाभर विसरून. आणि हसता हसता तिला वास आला. पिकून मऊ झालेल्या चिकूचा. जवळपास कुणाकडे चिकू नव्हते. मग व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला. घस्... थांबून पुन्हा, घस्...

"तुषार, पाय ओढू नकोस," ती म्हणाली.

"मी इथं बसलोय, आत्या..."

भर दुपार होती. ऊन अंगणभर पसरलेलं. व्हरांड्याच्या त्या टोकाला कोणी नव्हतं. संगितानं पदर घट्ट ओढून घेतला आणि तालीम लवकरच आटपली.

प्रयोग दुपारी तीनचा ठेवला होता, कारण पाड्यांवरच्या लोकांना उजेड असेस्तोवर घरी पोचायचं असतं. मांडव गच्च. पार वेवजीहून माणसं आली होती. पहिला अंक रंगला, राजा मेला, बायकांनी डोळे पुसले. दुसऱ्या अंकात पेटी थांबली आणि फळ्यांवर टाच घासली. घस्... घस्...

पलीकडच्या विंगेतून भूत आलं. पांढरं वस्त्र, तोंडाला पीठ फासलेलं. तुळशी वहीतल्या ओळीवर बोट ठेवून ऐकत होती. एक कानामात्रा चुकत नव्हती. पोरानं पाय ओढण्याची लकबसुद्धा उचलली म्हणून तिला तुषारचं कौतुक वाटलं. तेवढ्यात तिच्या खांद्यापाशी कोणीतरी कुजबुजलं.

"आत्या... झग्याच्या बाहीत हात अडकलाय. माझी एन्ट्री झाली का?"

तुळशीनं मान वळवली. तुषार. अर्धा झग्यात, अर्धा बाहेर. तिनं आणलेलं चार मीटर मांजरपाट सगळंच्या सगळं त्याच्या अंगावर होतं.

त्या प्रवेशात सेनापती खांबाआड लपून ऐकत असतो. भुताचं राजपुत्राशी बोलणं संपलं, पण ते गेलं नाही. ते हळूच खांबाकडे वळलं. पुढचं वहीत नव्हतं.

"सेनापती... हे नाटक कोणी लिहिलं?"

खांबाला टांगलेल्या माईकमधून दिपकचे दात वाजलेले मांडवभर ऐकू गेले.

"चि... चिमणकाका..."

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"चिमणकाकांनी लिहिलं. मी नुसतं टाईप केलं... नाव मी लाटलं, काका. चुकलो."

लोकांना वाटलं, यंदा नवीन प्रवेश घातलाय. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, मागची म्हातारी माणसं तर उठून उभी राहिली. भुताचे खांदे गदागदा हलले. दादा हसायचा तेव्हा असेच हलायचे. "चालू द्या पुढं," ते म्हणालं आणि पाय ओढत विंगेत गेलं. तिथं संगिता उभी होती. तिला कोणी येताना दिसलं नाही. तुळशी एका डोळ्यानं रडत होती, एका डोळ्यानं हसत होती. इतका आनंद तिला आषाढानंतर पहिल्यांदाच झाला.

तिसऱ्या अंकात दिपक अडला. केविलवाणं तोंड करून त्यानं विंगेकडे पाहिलं. हीच ती वेळ. तुळशीनं क्षणभर त्याला तसाच घाम फुटू दिला, आणि मग पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं भाषण पुरवलं. दादाला त्याचं नाव मिळालं होतं. आता त्या पोराची फजिती बघून काय मिळणार होतं तिला?

सगळे मेले, सगळे उठले, चहा आला. दिपक पेन घेऊन बसला आणि उरलेल्या एकूण एक जाहिरातीवर स्वतःचं नाव खोडून चिमणचं लिहीत गेला.

"आत्या, तो तुषारच होता ना?" त्यानं हळूच विचारलं.

"चहा पी," तुळशी म्हणाली.

घरी येऊन तिनं वही फडक्यात बांधायला घेतली, तर शेवटच्या पानापुढे आणखी पानं भरलेली. अक्षर दादाचं. नवं नाटक. सगळ्यात वर 'लेखक : चिमण', खाली दोन रेघा. दादा शहाणा झाला म्हणून तिला हसूच फुटलं. नाटकही हसवणारं, पहिल्या ओळीपासून. मग तिनं पात्रांची नावं वाचली. राजा लक्ष्या, राणी जिवली, दासी भिकी. सगळी गावचीच माणसं, आणि सगळी कधीच गेलेली. सर्वांत शेवटी लिहिलं होतं, 'विंगेत वही धरणार : तुळशी.' त्याखाली प्रयोगाची तारीख होती. ती वाचायच्या आत तिनं त्यावर तळहात ठेवला.

भुताच्या झग्याची चिंधी कापून तिनं ती जागा शिवून टाकली. पक्का दोरा, मोजून वीस टाके. नाटक तिला आता तोंडपाठ आहे. बायकांना म्हणून दाखवते तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ती स्वतः सगळ्यांत जास्त हसते. टाके मात्र ती एकटी असतानाच मोजते. पुढच्या वर्षी एकोणीस होते. यंदा, दोन हजार एकोणीस साली, भात झोडून झाल्यावर मोजले, तर सात.