पारदर्शक झाकण

"पाचला पोलीस मला नेणार," दवाखान्यातली मदतनीस म्हणाली. "साहेब तेवढ्यात जेवून येतो म्हणालेत."

टाचणीने घड्याळ पाहिलं. साडेतीन. तिला टाचणी म्हणत, कारण ती बारीक होती आणि टोचायची. शेजारी तिचे भावोजी गाल धरून बसले होते; त्यांना दाढ दाखवायलाच ती इथे आली होती. त्यांच्या दाढेतलं भरण आकसलं होतं. फटीत गार पाणी शिरलं की ते पूर्वजांना भेटून येत.

दाताच्या डॉक्टरांचा दुपारी खून झाला होता, दवाखान्यामागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्याने. दार ओढलं की आपोआप लागायचं, आणि दुसरी चावी फक्त मदतनिसाकडे. ती एकला जेवायला गेली, दोनला परतली, दार उघडलं, आणि कशालाही हात न लावता किंचाळत बाहेर पळाली.

दारात शिपाई होता. प्रेत नेलं होतं, बाकी आत सगळं होतं तसं. खिडक्यांना नारिंगी कागद, त्यामुळे खोली खोकल्याच्या औषधात बुडवल्यासारखी. मात्र कोपऱ्यातल्या रुग्णाच्या जुन्या खुर्चीवरचा पांढरा दिवा टेबलाकडे वळवलेला, चालू. कपाटं उचकटलेली. जबडा जमिनीवर पडून अजून हसत होता.

टेबलावर काचेची इवलीशी वाटी, काठोकाठ भरलेली. तिच्यावर कवळीच्या डबीचं पारदर्शक झाकण. नारिंगी झाकण हातभर अंतरावर.

मदतनिसाने सांगितलं, हे डॉक्टरांचं नवं भरण. सगळी भरणं घट्ट होताना आकसतात, दातापासून सुटतात, फटीत कीड शिरते. हे आकसणार नव्हतं. कृती डॉक्टरांच्या डोक्यात, आणि माल जगात एवढाच.

भावोजींनी वाटीकडे देवाकडे पाहावं तसं पाहिलं.

डॉक्टरांची बायको रडून थकली होती. "बारा वर्षं घरात साधा दिवा नाही," ती म्हणाली. "त्यांचा माल कुठेही असायचा, अगदी फडताळातसुद्धा. नारिंगी उजेडात भाजी निवडायची. पिकलेली मिरची कुठली, कच्ची कुठली, जेवताना कळायचं." अजून वर्षभर तपासल्याशिवाय हे कुणाच्या तोंडात घालणार नाही, असं डॉक्टर कालच तिच्या भावाला म्हणाले होते.

तो भाऊ, म्हणजे डॉक्टरांचा मेहुणा, या भरणासाठी गिऱ्हाईक कंपन्या शोधायचा. सोमवारी कंपनीची माणसं माल बघायला येणार होती. त्याने स्वतःहून सांगितलं की आठ दिवसांत त्या खोलीत पाय ठेवलेला नाही.

"भरण घट्ट कशाने होतं हो?" टाचणीने सहज विचारलं.

"वाऱ्याने. उघडं राहिलं की वाळतं. म्हणून तर झाकतात. तीन वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगतोय."

पाचला साहेब ढेकर देत आले. टाचणीने सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"वाटी झाकलेली आहे," भावोजी कुजबुजले. "म्हणजे ज्याला यातलं कळतं त्यानेच. बिचारी मदतनीस."

"भावोजी, तुम्ही दाढच सांभाळा." टाचणी सगळ्यांकडे वळली. "डॉक्टर वाटी भरत होते, म्हणून नारिंगी झाकण बाजूला होतं. ओळखीच्या माणसाला त्यांनीच दार उघडलं, आणि घाव बसला. मारणाऱ्याला कृतीची वही हवी होती, नारिंगी उजेडात नीट दिसेना, म्हणून पांढरा दिवा लावला. वही नव्हतीच. मग निदान माल वाचावा म्हणून वाटी झाकली. पण हा माल वाऱ्याने वाळत नाही. पांढऱ्या उजेडाने घट्ट होतो, नारिंगीत नाही. म्हणून खिडकीला कागद, म्हणून बारा वर्षं मिरचीची पंचाईत. मदतनीस किंवा डॉक्टरांच्या पत्नी पांढरा दिवा लावणार नाहीत, आणि पारदर्शक झाकण तर मुळीच ठेवणार नाहीत. हे त्याने केलं ज्याला झाकायचं ठाऊक होतं, कशापासून ते नाही."

मदतनीस भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"झाकणावर बोटांचे ठसे असतील, साहेब. आठ दिवस इकडे न फिरकलेल्या माणसाचे."

साहेबांनी रुमालाने झाकण उचललं. टाचणीने वाटीत नख मारलं. टक् आवाज आला. दगड.

बेडी पडताना मेहुण्याने हाताकडे पाहिलंही नाही. तो वाटीकडे बघत होता. बहिणीने तोंड फिरवलं.

"आकसलं का?" त्याने विचारलं.

टाचणीने वाटी उजेडात धरली. काच आणि भरण यांच्यामध्ये टाचणीचं टोकही गेलं नाही.

"केसभरही नाही," ती म्हणाली.

भावोजींची जीभ हळूच आपल्या फटीवर गेली, आणि तिथेच राहिली.