फ्लेक्सवरची पावलं

श्रीशैलला लाज म्हणून नाही, ही सिद्धम्माची तक्रार आठ दिवस चालू होती.

माणसानं खेळ भरवावा, टेबलं मांडावीत, बाहेरगावचे खेळाडू बोलवावेत. पण माइक हातात घेऊन गावातल्या पोरांना बिदरवाल्यांवर सोडायचं, दोन्हीकडचे समर्थक समोरासमोर उभे करून एकमेकांच्या आयाबहिणी काढायला लावायच्या, आणि त्याचं शूटिंग करून मोबाईलवर फिरवायचं, ही कुठली रीत? शिवाय चौकाचौकात फ्लेक्स. मधोमध गावचा खेळाडू तौसिफ, खाली हात जोडलेला श्रीशैल स्वतः, त्याच्या शेजारी हलगी पथकाचा व्यंकट मोबाईल नंबरासकट, आणि वर उजव्या कोपऱ्यात श्रीशैलचा मेलेला बाप, प्रेरणास्थान म्हणून.

"गुरुबसप्पा पैलवानानं तालीम चालवली तीस वर्सं," भाकरी थापता थापता ती म्हणाली. "पण पोरं भांडाय न्हाय लावली कधी."

माणिकप्पानं आमटी ओरपत मान हलवली. हा निवृत्त जमादार. दोन वेळा सिद्धम्माच्या खानावळीत जेवायचा आणि तिच्या चौकशीच्या कामात बरोबर फिरायचा. सिद्धम्मा दुसरीत शाळा सोडलेली बाई. पण नळदुर्गच्या ढाब्यावरून गायब झालेला कांद्याचा ट्रक तिनं तीन दिवसांत शोधून दिला होता, तेव्हापासून उमरग्याचे फौजदारही तिला खुर्ची देत.

साडेबाराला दारात एक पोरगी उभी राहिली. पायात चप्पल नव्हती. ओढणीवर रक्त होतं.

"अम्मा, माझ्या दादाला मारून टाकतील ते."

तिचं नाव शिवप्रिया. भाऊ प्रेम, बिदरचा. पूल या खेळातला नावाजलेला गडी. लांब काठीनं, क्यूनं, टेबलावरचे रंगीत गोळे खिशांत पाडायचा तो खेळ. आज अकराला हायवेवरच्या मंगल कार्यालयात त्याची तौसिफशी फायनल होती. अकराला पाच कमी असताना प्रेम आपला क्यू आणायला खेळाडूंच्या खोलीत गेला. दार उघडलं तर आत व्यंकट पडलेला. कवटी फुटलेली, आणि प्रेमचाच क्यू रक्तात. प्रेम ओरडला. बाहेरच्या समर्थकांनी त्याला उंबऱ्यातच धरलं, फरफटत मांडवात आणलं, तिथं खुर्च्यांनी हाणलं. जबडा मोडला, उजव्या हाताची तीन बोटं मोडली. पायातले बूटसुद्धा कुणी ओढून नेले. पोलिसांनी कसाबसा सोडवून दवाखान्यात घातला. आता दवाखान्याबाहेर चारपाचशे जण दगड घेऊन उभे होते. चार वाजता व्यंकटचं प्रेत पोस्टमार्टमहून यायचं होतं. प्रेत आल्यावर ते दार मोडणार, हे त्यांनीच ओरडून सांगितलं होतं.

सिद्धम्मानं तवा उतरवला. व्यंकटशी प्रेमचं काही वाकडं होतं का, एवढंच तिनं विचारलं.

शिवप्रियाला काही माहीत नव्हतं. पण काल संध्याकाळी तिला एका अनोळखी माणसाचा फोन आला होता. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तो म्हणाला, भावाला घेऊन रातोरात निघून जा, उद्या त्याचा हात शाबूत ठेवणार नाहीत. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. तिला वाटलं, घाबरवायला केला असेल.

माणिकप्पानं तो नंबर वहीत उतरवून घेतला.

खेळाडूंची खोली म्हणजे कार्यालयातली नवरीची खोली. भिंतीला बल्ब लावलेला आरसा, त्याच्या काचेवर टिकल्या चिकटवलेल्या. त्या टिकल्यांवर रक्ताचे शिंतोडे बसले होते. फौजदारांनी सांगितलं, पहिला वार मागून कानावर, मग माणूस खाली पडल्यावर तोंडावर सहासात. दातांचे तुकडे पलंगाखाली सापडले.

माणिकप्पानं तोंड फिरवलं. सिद्धम्मा खाली बसली.

प्रेत आता नेलं होतं; सापडलं ते आरशापाशी. तिथून दारापर्यंत जमिनीवर नवा फ्लेक्स अंथरलेला. सकाळी छापून आला होता, वळ्या जाव्यात म्हणून पसरून ठेवला होता. चौकात होता तसाच. त्यावर रक्ताची पावलं, फरफटलेली. एक व्यंकटच्या फोटोवर, एक श्रीशैलच्या जोडलेल्या हातांवर, दोन तौसिफच्या तोंडावर. शेवटचं पाऊल मात्र फ्लेक्सवर नव्हतं. दाराची वाट उजव्या कोपऱ्यावरून सरळ जात होती, पण ते पाऊल लांब टांग टाकून बाजूच्या फरशीवर आडवं पडलं होतं.

"घसरला असंल," माणिकप्पा म्हणाला.

"व्हय. घसरणारा माणूस अशी मापात टांग टाकतो व्हय," सिद्धम्मा म्हणाली.

फौजदारांचं गणित सोपं होतं. ज्यानं तौसिफ, व्यंकट, श्रीशैल तिघांनाही तुडवलं तो त्यांच्या वैऱ्याकडचा. म्हणजे बिदरचा. म्हणजे प्रेम.

कोपऱ्यात व्यंकटची हलगी होती. सिद्धम्मानं कातड्यावर अंगठा दाबला. ते शिळ्या पोळीसारखं आत गेलं. मग ती मागच्या अंगणात गेली. तिथं वाळल्या पाचटाचा ढीग रचलेला होता आणि वर काडेपेटी. ढिगातलं एक पातंही जळालेलं नव्हतं. माघातला गारठा अजून भिंतींतून निघाला नव्हता.

तिनं पुष्कळ वेळ त्या ढिगाकडं पाहिलं. माणिकप्पाला वाटलं, बाई दमली.

श्रीशैल मांडवात सापडला. अंगात सूट, गळ्यात आयोजकाचा बिल्ला, पायात मात्र न्हाणीघरात घालतात तसली रबरी चप्पल. सकाळपासून उभं राहून पाय सुजले, असं तो न विचारताच म्हणाला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. व्यंकट माझा उजवा हात होता, त्याच्या हलगीशिवाय ही स्पर्धा म्हणजे मयताची बैठक, असं म्हणून त्यानं रुमाल काढला. तो स्वतः साडेदहापासून स्टेजजवळ होता. अधूनमधून आतबाहेर केलं असेल, एवढ्या गर्दीत कोण घड्याळ बघतो?

"व्यंकटला शेवटचं कवा बघितलंस?"

"बघितलं न्हाय, अम्मा. ऐकलं. अकराला धा कमी असतील. त्या खोलीतनं हलगी कडकड वाजत होती, मांडवापतूर येत होती. मग एकदम बंद झाली. आन् त्याच टायमाला त्यो प्रेम आत गेला."

"कडकड?"

"कान फुटतील अशी."

सिद्धम्मानं त्याला घोटभर पाणी प्यायला सांगितलं आणि पुढं निघाली. जाताना माणिकप्पाच्या कानात काहीतरी म्हणाली. तो फौजदारांच्या एका शिपायाला घेऊन श्रीशैलच्या जीपकडं गेला, आणि जाताना त्यानं तीनदा मागं वळून पाहिलं, कारण त्याला कशाचाच पत्ता लागला नव्हता.

तौसिफ स्वयंपाकघरात भांड्यांच्या ढिगामागं बसलेला. सव्वीस वर्षांचा, हात लांबसडक. हलगी ऐकलीस का म्हटल्यावर त्यानं मान हलवली. मॅचआधी तो कानात हेडफोन घालून बसतो. भूकंप झाला तरी कळत नाही. प्रेमबद्दल विचारलं तर म्हणाला, त्याच्यासोबत मी आठ वर्षं खेळतोय, हैदराबादला एका खोलीत राहिलोय.

मग तो हळू आवाजात बोलला. "अम्मा, सकाळी व्यंकटभाई आला माझ्याकडं. बोलला, आज म्या वाजवणार न्हाय. पोरांना ट्रॉल्यांत घालून घरी नेतो. म्या बोललो, मेरी फायनल है, असं का करता? तर बोलला, तू खेळ, तुझा काय कसूर न्हाय. बस इतनाच. मला लई राग आला. म्या त्याच्याशी धड बोललोपण न्हाय."

"हे फौजदारांना सांगितलंस?"

"विचारलंच न्हाय कुणी."

साडेतीनला दवाखान्याची एक काच फुटली. गर्दी फाटकाला भिडली होती. व्यंकटच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून श्रीशैल माइकवरून सगळ्यांना शांत राहायला सांगत होता. आणि दर वाक्याआड 'आपल्या व्यंकटचं रक्त' म्हणत होता, त्यामुळं दर वाक्याला दगड येत होता. एका शिपायाचं डोकं फुटलं. आत खाटेखाली प्रेमला झोपवून शिवप्रिया दाराला पाठ लावून बसली होती.

सिद्धम्मा गर्दीतून चालत आली. म्हातारीला वाट द्यावी लागते, एवढं पोरांना अजून आठवत होतं. तिच्या मागं माणिकप्पा आणि दोन शिपाई चौकातला फ्लेक्स काढून घेऊन आले. तिनं तो ट्रॉलीपासून दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत रस्त्यावर अंथरायला लावला. दोन्ही बाजूंनी माणसं दाटलेली. मधे तेवढीच वाट. ती स्वतः उजव्या कोपऱ्यापलीकडं, पायरीवर उभी राहिली.

"श्रीशैल, माइक घेऊन इकडं ये. व्यंकटला कुणी मारलं ते सांगते, सगळ्यांला ऐकू जाऊ दे."

श्रीशैल ट्रॉलीवरून उतरला आणि घाईनं निघाला. पहिलं पाऊल व्यंकटच्या फोटोवर पडलं. दुसरं त्याच्या स्वतःच्या. मग तौसिफचा गाल, तौसिफचं कपाळ. कोपऱ्यापाशी त्याचा पाय हवेत थबकला, लांब टांग पडली आणि तो बाजूच्या डांबरावर आला.

सिद्धम्मानं माइक त्याच्या हातातून काढून घेतला.

"फौजदारसाहेब, बघितलं?"

फौजदारांनी बघितलं होतं. खोलीतल्या पावलांचे फोटो त्यांच्याच मोबाईलमध्ये होते.

"बापाचा फोटू हाय त्यो," श्रीशैल म्हणाला. "बापाला कोण तुडवंल? ह्यात काय गुन्हा?"

"काय न्हाय. म्याबी तुडवला नसता माझा. पण खोलीतला माणूस, पाय रक्तानं भरलेले, पळायची घाई, व्यंकटला तुडवतो, तौसिफला तुडवतो, तुला तुडवतो, आन् गुरुबसप्पाला तेवढा वळसा घालतो. बिदरच्या पोराला गुरुबसप्पा कोण हे काय ठावं? तुझ्या डोक्याला ते कळलंबी न्हाय. तुझ्या पायाला सवय हाय."

गर्दीत कुजबूज उठली. तिनं हात वर केला.

मग तिनं एकेक गोष्ट सांगितली, पीठ चाळावं तशी. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, हे समोरच्या प्रत्येक पोराला माहीत होतं. या गारठ्यात तर नाहीच. शेकायला रचलेलं पाचट तसंच होतं, कातडं ढिलं होतं. म्हणजे व्यंकटनं आज हलगी वाजवलीच नाही. मग कडकड आवाज ऐकला कुणी? प्रेम आत जाईपर्यंत व्यंकट जिवंत होता, हे ज्याला दाखवायचं होतं त्यानं. व्यंकट वाजवणार का नव्हता? कारण पोरं घरी न्यायची होती. का न्यायची होती? माणिकप्पानं वही उघडून शिवप्रियाला आलेला नंबर वाचला. सिद्धम्मानं हातानं फ्लेक्सच्या ट्रॉलीकडच्या टोकाला, खालच्या ओळीकडं दाखवलं. तिथं उभ्या असलेल्या पोरांनी नंबर जुळवला. तो व्यंकटचा होता.

"प्रेमचा हात मोडायचा बेत ह्यांचा," ती म्हणाली. "फायनलच्या गडबडीत, समर्थकांच्या हातून. म्हणजे गाव जिंकंल, शूटिंग देशभर फिरंल. व्यंकटला सांगितलं, तुझी पोरं लाव. त्यानं बिदरच्या पोरीला फोन करून आधीच सावध केलं, आन् सकाळी ह्याला तोंडावर न्हाय म्हणला. आता बूट दाखवा, माणिकप्पा."

माणिकप्पानं गोणपाट उघडलं. काळे बूट, सुटाखाली घालायचे. जीपच्या सीटखाली सापडलेले, धुतलेले. पण टाचेच्या शिवणीत तपकिरी काहीतरी घट्ट बसलं होतं. फौजदारांनी ते नाकाजवळ नेलं आणि पिशवीत घातलं.

श्रीशैलनं चारी बाजूंना पाहिलं. पळायला जागा नव्हती. ही गर्दी त्यानंच जमवली होती.

"त्यो माइक मागत होता," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो म्हणला. दोन साल राबलो म्या ह्या खेळासाठी. माझं ऐकलं असतं तर… एकच मारणार होतो. पडल्यावर त्यो माझ्याकडं बघाय लागला."

पहिला दगड त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर, दात ओठांतून बाहेर आला. जी पोरं दवाखान्याचं दार मोडायला आली होती ती आता त्याच्यावर धावली. कुणीतरी त्याला केसांनी धरून फ्लेक्सवर पाडलं. लाथा पडू लागल्या. फौजदार ओरडत होते, पण त्यांचे सहा शिपाई पाचशेंना काय पुरणार?

सिद्धम्मा पायरीवरून उतरली आणि लाथांच्या मधे जाऊन बसली. लुगड्याचा पदर खोचून त्याच्या डोक्यापुढं. एक लाथ तिच्या बरगडीत बसली. मारणाऱ्या पोरानं ओळखलं आणि तो मागं सरला. मग त्याच्या शेजारचा. तौसिफ गर्दीतून आत घुसला आणि तिच्या पाठीशी हात पसरून उभा राहिला. हळूहळू वर्तुळ रुंद झालं.

तिकडं हायवेवर ॲम्ब्युलन्स वळताना दिसली. व्यंकटचं प्रेत येत होतं.

सिद्धम्माला श्वास घेताना दुखत होतं. तिनं श्रीशैलची हनुवटी धरून त्याचं रक्ताळलेलं तोंड आपल्याकडं वळवलं. माइक खाली पडला होता, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"ह्यांच्या हातून तुला मरू देणार न्हाय म्या. मेलास तर ही पाचशे पोरं तुझ्यासारखीच हुतील, आन् तेवढ्यावर तू सुटशील. तू जित्ता ऱ्हायचं. आता उठ. पोलिसांच्या गाडीत बसायच्या आधी आत जाऊन त्या पोरीच्या भावाची बोटं बघायची, मग बाहेर येऊन व्यंकटच्या बायकोला तुझ्या तोंडानं सांगायचं की तिच्या नवऱ्यानं तुझं का ऐकलं न्हाय. चल. म्या धरते तुला."