निळ्या पिपातली वांगी

शोभाबाईंची सून गच्चीच्या दारात थबकली... पाण्याच्या टाकीमागे लपवलेलं ते निळं पीप आता तिच्या डोळ्यांसमोर होतं, त्यातल्या झाडाला भरताची हिरवी वांगी लगडली होती, आणि त्यांतलंच एक शोभाबाई शेगडीवर भाजत बसल्या होत्या.

"हे पीप तुम्ही फेकलंच नाही, आत्याबाई?" नूतनचा आवाज थंड होता. किती महिन्यांनी ती सासूशी बोलली होती!

लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत अबोला शिरला तो या पिपापायीच. खान्देशातून आणलेलं वांग्याचं बी शोभाबाईंनी मोठ्या हौसेनं त्यात लावलं होतं. पहिला तोडा पोटुशीच्या ताटात, ही त्यांच्या माहेरची रीत. म्हणून घरात दुसऱ्या कुणाच्या जिभेला न लावता त्यांनी आग्रह करकरून सुनेलाच भरीत खाऊ घातलं होतं... आणि सातव्या महिन्यात नूतनच्या कुशीतलं बाळ हलायचं थांबलं. डॉक्टरांनी छातीठोक काही सांगितलं नाही, भाजी कुठली तेवढं विचारलं. पीप कापड रंगवणाऱ्या डाईंग मिलमधल्या केमिकलचं, हे ऐकून ते गप्प झाले, आणि घरातल्यांना जे समजायचं ते समजलं.

पीप आणलं होतं योगराजनं, त्यांच्या लेकानं. तो मिलमध्येच कामाला. सोड्यानं घासून, उकळतं पाणी ओतून, उन्हात वाळवून मगच असं पीप घरात घ्यायचं, हे त्याला ठाऊक होतं. पण मिलची पाळी करून दमून आलेल्या जिवानं नुसतं खळबळून आईच्या पुढ्यात ठेवलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात तो आईच्या पायांशी कोसळला होता. "माय, मी पीप धुयं नव्हतं. तिले सांगू का?"

"तू गप ऱ्हाय," शोभाबाई म्हणाल्या होत्या. "मीच भंगारमाईन आणं, आसं सांगसू मी. तुम्हना संसार टिकाले पाहिजे."

तसंच त्यांनी सांगितलं. आणि नूतन म्हणाली होती, "यापुढे तुमच्या हातचं पाणीसुद्धा मला नको." ते शब्द त्या माउलीनं निमूटपणे गिळले... पण लेकाचं झुरणं मात्र तिला बघवेना. पोरगा खंगत चालला होता, एकटा भेटला की एकच विचारायचा, "त्या पिपानंच मारं का, माय?" मग त्यांनी मनाशी एक अघोरी निश्चय केला. त्या पिपातली वांगी आपणच खायची, रोज खायची; आपल्याला काही झालं नाही, तर लेक त्या पापातून सुटेल!

"आत्याबाई, हात!"

नूतन धावली. शोभाबाईंची बोटं वांग्याबरोबर विस्तवातच होती, कातडी करपल्याचा वास सुटला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

"तुम्हाला चटका कळला नाही?" नूतन त्यांच्या हातावर पाणी ओतत म्हणाली. "कधीपासून खाताय हे?"

आवाज ऐकून योगराज वर आला होता. त्यानं पीप पाहिलं, भाजलेलं वांगं पाहिलं, आईची बोटं पाहिली, आणि आई इतके दिवस कुणासाठी काय करत होती ते त्याला उमगलं.

"नूतन, पीप मी आणं व्हतं," तो म्हणाला. "मीच धुयं नव्हतं. मायनं मनं पाप आपला डोक्यावर लिधं."

नूतननं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं पेला भरून सासूच्या हातात दिला, तो निसटला. तिनं पुन्हा भरला आणि आपल्या हातानं त्यांच्या ओठांना लावला. "प्या, आत्याबाई," ती म्हणाली, आणि शोभाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी पेल्यातल्या पाण्यात मिसळलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्या लेकाकडे वळल्या.

"रडू नको, भाऊ. इतला दिन खादं, मले काय जयं? पीप चांगलंच व्हतं."

नूतननं त्यांचा दुसरा हात आपल्या मुठीत घेतला, आणि करंगळीला नख रुतेल इतकं दाबून पाहिलं. शोभाबाईंना ते जाणवलंही नाही, त्या लेकाकडे बघून हसत राहिल्या.