उसाच्या बकऱ्या

"ओ साहेब! वाघावर पाय दिलात की!"

तो असा उडाला, जणू खरंच पायाखाली वाघ आला. मी भुईवर आखलेल्या वाघबकरीच्या डावाकडं बघत कपाळाला हात लावला. अर्ध्या रेघा त्याच्या चपलेनं पुसल्या होत्या. तीन काळे खडे, म्हणजे माझे वाघ, कुठल्या कुठं उडाले होते. आणि बकऱ्या? त्या उसाच्या कांडीच्या बारक्या तुकड्यांच्या. त्यातल्या दोन आमच्या हरणीनं तेवढ्यात मान लांबवून तोंडात टाकल्यासुद्धा.

"तुमची गाय बकऱ्या खाती?" त्यानं विचारलं.

"छावणीतली गाय हाय. मिळंल ते खाती."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा. पहिल्याच दिवशी ते माझ्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आलं याचाच मला राग आला.

दोन हजार तेराचा उन्हाळा होता तो. गावात प्यायला पाणी नाही, रानात काडी नाही. चकलांब्याच्या पुढं माळावर आमच्या सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. जनावरं तिथं, म्हणून माणसंही तिथंच. मी आणि माझे अण्णा, माणिकराव, दोन बैल आणि हरणी घेऊन होळीच्या आधीपासून खोप टाकून मुक्कामाला होतो. आणि हा जालिंदर. चौसाळ्याचा. चारा वाटायला आणि जनावरांच्या कानातले बिल्ले तपासायला सोसायटीनं ठेवलेला.

"एकटीच खेळती? दोन्ही बाजूनं?"

"माझ्यासंगं कुणी खेळत न्हाई."

"कावून?"

उत्तर खोपीतून अण्णांनी दिलं, "कारण ती कुणाला जिंकू देत न्हाई, आन् हरल्यावर वरून चिडवती बी. मी बाप असून बंद केलं बाबा!"

जालिंदर उकिडवा बसला, विखुरलेले खडे गोळा करून माझ्या हातावर ठेवले. "मला शिकवती का मंग?"

"काय काय येतं?"

"सापशिडी."

"सापशिडीत काय यायचं असतं?"

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला, आणि तो डावा डोळा पुन्हा बारीक झाला.

तो गेल्यावर मी विचारात पडले. याच्यासंगं खेळावं काय? वाघबकरी काढली तर पहिल्याच दिवशी पळून जाईल. नऊ खड्यांचा डाव रंगतो खरा, पण नवख्या माणसाला कळेपर्यंत त्याला जांभया येतात. आजवर कितीजण माझ्यापुढून उठून गेले, मला कधी वाईट वाटलं नव्हतं. हा उठून जाऊ नये असं मात्र वाटत होतं… का, ते विचारू नका! शेवटी तीन खड्यांचा डाव काढला. एक चौकोन, आत रेघा, दोघांना तीन-तीन खडे, आणि तिन्ही एका ओळीत आणले की जिंकलं. हरला तरी चहा निवायच्या आत दुसरा डाव.

तो रोज यायचा. संध्याकाळी चारा वाटून झाला, की अंगावर उसाच्या वाढ्यांचा हिरवा वास घेऊन माझ्यापुढं बसायचा. आणि हरायचा. काय हरायचा!

"इकडं काय बघतोस? खडे खाली हायत."

"खाली बघून बी हरतोच की. मंग वर बघून हरलेलं काय वाईट?"

"तोंड लई चालतंय. खडा चालव."

"एक चाल माघारी घेऊ दे की, पंचशीला."

"माझ्याकडं खडा टेकला म्हंजी टेकला."

खडा ठेवताना कधी त्याच्या बोटाला माझं बोट लागायचं. मग आम्ही दोघंही उगाच लई मन लावून डाव बघायचो.

आता खरं सांगते, मी जात्याच जळकी. वजनकाट्यावर बाया त्याला "दादा, जरा पेंडी मोठी टाक" म्हणाल्या तरी मला खपायचं नाही. बिल्ला बघायला तो हरणीचा कान हातात धरायचा, गळ्याखाली खाजवायचा, आणि ती मेली डोळे मिटून उभी राहायची. तेव्हा मला माझ्या गायीचा राग यायचा! गायीचा! माणसानं किती जळावं?

आणि अशात आली रत्नमाला.

टाकीजवळच्या खोपीत गीताबाई राहायच्या. त्यांची ही भाची, बीडला कॉलेजात शिकलेली. आबोली रंगाचा ड्रेस, कमरेपर्यंत वेणी, आणि बोलणं कसं, धुतल्या तांदळासारखं. गीताबाईंनी जालिंदरच्या आत्याकडं तिच्यासाठी बोलणं काढलं होतं. टाकीवर बाया उघड म्हणायच्या, "जोडा शोभंल हो!" ते ऐकत मी नळाखाली घागर धरून उभी. घागर भरून पाणी पायावर वाहायला लागलं तरी मला पत्ता नाही. दुष्काळात पाणी सांडलं म्हणून बायांनी जे काही सुनावलं, ते वेगळंच.

बघायचं नाही, बघायचं नाही म्हणत मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वाटेनं गेले. गीताबाईंच्या खोपीपुढं दोघं समोरासमोर बसलेले. मधे भुईवर चौकोन. आत रेघा. तीन खडे त्याच्याकडं, तीन तिच्याकडं.

माझा डाव! मी शिकवलेला!

"तिथं ठेवलास तर मी असा येईन, बघ," तो तिला सांगत होता. "चाल माघारी घे. घे, काही होत न्हाई."

"अय्या, हो की!" तिनं खडा उचलला.

माघारी! मला अंगभर मिरच्या झोंबल्या. पण जास्त काय लागलं सांगू? ती त्याच्यासमोर बसली होती ते लागलंच. त्याहून जास्त हे लागलं, की तो चांगला शिकवत होता. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. ती हरली तरी हसत होती.

संध्याकाळी तो नेहमीसारखा आला. मी आधीच वाघबकरी आखून ठेवली होती.

"आज तीन खडे न्हाईत?"

"न्हाई. तुला वाघ देते. वाघानं उडी मारायची आन् बकरी खायची. बकरीला काई खाता येत न्हाई, तिनं नुसतं वाघाला कोंडायचं. सोपं हाय."

नवख्याला वाघ मिळाले की तो खूश होतो. त्याला वाटतं, जोर आपल्याकडं आहे. पण जाणत्याच्या हातात बकऱ्या असल्या, की वाघाचं काही चालत नाही. त्याच्या उड्यांना मी मोठमोठ्यानं हसायला लागले. आजूबाजूच्या खोपीतली माणसं जमली. मी त्याचा एक वाघ कोंडला, दुसरा कोंडला, तिसराही.

"कोंडले! तिन्ही वाघ कोंडले!" मी टाळी वाजवली. "आन् हे मास्तर निघाले बीडच्या पोरीला शिकवायला!"

सगळे खो खो हसले. तो हसला नाही. उठला, गुडघ्याची माती झटकली.

"मी रोज हरत व्हतो, पंचशीला, तरी येत व्हतो," तो हळूच म्हणाला. "आज तू मला खेळायला बसवलं न्हाईस. फजिती करायला बसवलंस."

त्यानंतर तो आला नाही. काट्यावर आमची पेंडी टाकायचा, पण मान वर करायचा नाही. हरणीचा बिल्ला लांबूनच वाचून पुढं जायचा. ती बिचारी कान पुढं करून तशीच उभी राहायची. मला रडू आलं, ते तिच्यासाठी असं मी अण्णांना सांगितलं.

मृगाचे दोन-तीन शिडकावे झाले, माळावर हिरवं दिसायला लागलं, आणि सोसायटीनं सांगितलं, सोमवारी छावणी बंद. म्हणजे तो चौसाळ्याला, मी माझ्या गावाला. आणि गीताबाईंचं बोलणं जमलं की संपलंच सगळं. जेवणावरची माझी वासना उडाली.

शनिवारी दुपारी आमच्या खोपीपुढं आबोली ड्रेस उभा.

"पंचशीला तूच ना?" रत्नमाला म्हणाली. "मला तीन खडे शिकव."

"तुला शिकवणारा हाय की," मी फणकारले.

"वैतागले मी त्याच्या शिकवण्याला!" ती फतकल मारून बसलीच. "त्याची आत्या म्हणाली म्हणून मावशीनं समोर बसवलं आम्हाला. दोघांनाही बोलायला काही सुचेना, म्हणून त्यानं डाव आखला. मी खडा ठेवला, की म्हणे, 'पंचशीला इथं ठेवत न्हाई.' दुसरीकडं ठेवला, तर 'पंचशीलाला हे कळलं तर ती लई हसंल.' चहा दिला, तर 'पंचशीला चहा पिताना बी डावावरची नजर काढत न्हाई.' काल मावशीला सांगून टाकलं, मला हे स्थळ नको. माझ्या संसारात तिसरं माणूस आधीच चहा पीत बसलंय!"

मी आ वासून बघत राहिले.

"तुला सांगू?" ती म्हणाली. "तुला बघितलंही नव्हतं, आणि मला तुझा इतका राग आला होता…"

"तुला? माझा?" मला हसूच फुटलं. "अगं, मला तर तुझ्या वेणीचा बी राग येत व्हता!"

मग आम्ही दोघी हसत सुटलो. तिला मी तीन खडे शिकवले. एक चाल माघारीही घेऊ दिली. दातओठ खाऊन दिली, पण दिली.

रविवारी संध्याकाळी मी स्वतः काट्यावर गेले. तो पोती आवरत होता.

"डाव मांडलाय," मी म्हणाले.

"कोणता?"

"वाघबकरी."

"न्हाई बा. तुझ्या गावकीपुढं परत न्हाई."

"बकऱ्या तुझ्या," मी म्हणाले. "वाघ मी घेते."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. बकऱ्या मी आजवर कुणाला दिल्या नव्हत्या, हे सगळ्या छावणीला ठाऊक होतं. पोतं खाली ठेवून तो माझ्या मागं आला.

माती ओलसर होती, रेघा छान उमटल्या होत्या. त्यानं पहिली बकरी ठेवली.

"तिथं नको. तिथं मी खाईन," मी म्हणाले. "माघारी घे."

तो बघतच राहिला. खोपीच्या दारात अण्णांनी बिडी तोंडातून काढली. "आज बरं न्हाई का गं तुला?"

"तुमी गप बसा अण्णा!"

हळूहळू त्याला जमायला लागलं. मी सोडून देत नव्हते, बरं का! माझे वाघ खरेच फिरत होते, चार बकऱ्या खाऊनही झाल्या होत्या. पण त्याची बोटं उसाच्या रसानं चिकट झाली होती… आणि चाल करताना तो खालचा ओठ दाताखाली धरायचा, हे मला आजच दिसलं होतं… एक वाघ कोंडला गेला. दुसरा गेला. मी भानावर आले तेव्हा तिसऱ्याच्या चारी बाजूंनी उसाचे तुकडे होते आणि त्याचा हात शेवटच्या तुकड्यावर.

"कोंडला?" त्यानं विचारलं. त्याचा त्यालाच विश्वास बसत नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हरणीची लांब जीभ आली आणि तो शेवटचा तुकडा घेऊन गेली. कचकच, कचकच.

अण्णा खोकेपर्यंत हसले. जालिंदरचा चेहरा आधी पडला, मग तोही हसला, पण डोळा बारीक झाला नाही.

"घे. गाईनं वाट करून दिली तुला," तो म्हणाला. "हलव वाघ. तसं बी उद्या सगळ्यांनाच वाट मोकळी हाय."

मी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. मिळालेली वाट मी जन्मात कधी सोडली नव्हती. हात वाघाकडं गेला… आणि पुढं गेलाच नाही. मी शेजारच्या कांडीचा तुकडा मोडला आणि माझ्याच हातानं त्या जागी ठेवला.

"इथं तुझी बकरी व्हती. मी बघितली व्हती. वाघ कोंडलाय."

"म्हंजी… तू हरली?"

"हरले."

"मुद्दाम?"

"मुद्दाम हरायला मी येडी हाय का?" मी उसळून म्हणाले. "तुझ्याकडं बघत बसले, म्हणून हरले!"

बोलून गेले आणि जीभ चावली. अण्णा उठले. "बैलांना पाणी दाखवून येतो," म्हणत निघून गेले. बैलांनी आत्ताच पाणी पिलं होतं.

जालिंदरचे कान लाल झाले होते.

"वाघ कोंडल्यावर पुढं काय करायचं? हे तू शिकवलंच न्हाई."

"काई न्हाई. डाव संपतो."

"मला संपवायचा नसला तर?"

"मंग…" मी मातीवर बोट फिरवत राहिले. "मंग कोंडणाऱ्यानं बी तिथंच ऱ्हायचं."

त्यानं चिकट बोटांनी माझं बोट धरलं. या वेळी आम्ही डावाकडं बघितलं नाही.

"आत्याला उद्या पाठवतो, अण्णांकडं. छावणी उठायच्या आधी."

"उद्या कावून? आज काय झालं?"

आता मात्र त्याचा डावा डोळा पुरता बारीक झाला.

"आन् एक सांगते," मी म्हणाले. "आजपासून तीन खडे कुणाला शिकवायचे न्हाईत."

"रत्नमालाला बी?"

"तिला मी शिकवीन."

"बरं. आन् हरणीचा कान?"

मी मागं वळून बघितलं. ती मेली रवंथ करत, कान पुढं करून उभीच होती.

"धर," मी म्हणाले. "पण बिल्ल्यापुरता."