उरलेलं पाणी

लिंबाच्या रोपाची पानं देठाकडून काळी पडली होती. पाण्यावाचून मरणारं पान आधी मान टाकतं, मग पिवळं पडतं, मग कडेनं करपतं. हे रोप तसं मेलं नव्हतं. बुंध्याभोवतीच्या मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता, आणि बोटानं दाबला की तो कुरकुरत मोडत होता.

वत्सला उकिडवी बसून ते बघत होती. दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू असतानाही शेजारची चार रोपं तग धरून होती. मेलं होतं ते शेवटचं, यंदा लावलेलं.

कारखान्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. पण गेले तीन महिने ती कुणाशी बोलली नव्हती, त्यामुळे जे दिसलं तेही तिनं सांगितलं नाही. तिनं नुसतं बोट दाखवलं.

"दिसलं मला," सरस्वतीबाई दराडे म्हणाल्या. "शहादेव, तो पापुद्रा कागदात घ्या."

सरस्वतीबाई औरंगाबादच्या वसतिगृहात वत्सलाच्या दोन वर्षं पुढं होत्या. पुढं सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर विषं तपासली आणि आता खाजगी कामं घ्यायच्या. शहादेव निवृत्त हवालदार. जीप चालवायचा आणि पडेल ते काम करायचा.

"बाई, मातीत काय बघायचं?" त्यानं विचारलं. "दुष्काळात सगळंच मरतंय की."

"मग ही चार का मेली नाहीत?"

शहादेवनं डोकं खाजवलं.

प्रकरण असं होतं. तेलगावच्या बाजूच्या या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन सुंदरराव यांनी पाच वर्षांपूर्वी विज्ञानकथेचा पुरस्कार काढला. शेजारचा कारखाना कुस्त्या भरवतो, तर आपण त्याच्यापुढं जायचं, हा त्यामागचा विचार. नियम सहकाराचा होता. शेवटच्या फेरीतल्या तिघांनी सभेत आपापली कथा वाचायची आणि सभासदांनी हात वर करून निवडायची. जिंकणाऱ्यानं विश्रामगृहासमोर लिंबाचं रोप लावायचं.

वत्सला यंदाच्या आधी तीनदा शेवटच्या फेरीत आली आणि तीनदा हरली. मुंबईच्या एका विज्ञान मासिकाचे संपादक तिला तीन वर्षं सहसंपादक म्हणून बोलावत होते. ती दर वेळी म्हणायची, "बघू, यंदाचा पुरस्कार होऊ दे." पुरस्कार म्हणजे तिला घराबाहेर पडायची परवानगी वाटत होती. यंदा सभेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "जिंकले तर जाईन म्हणते."

मोहनराव हसून म्हणाले होते, "जा की. मी कुठं अडवलंय?"

दुसऱ्या दिवशी माइकसमोर उभं राहून तिनं स्वतःच्या फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातून घोट घेतला. तो कॉस्टिक सोड्याचा होता. घसा आतून सोलला गेला. शाळेच्या प्रयोगशाळेत कॉस्टिक असतं, बाईंच्याच हातून काहीतरी चूक झाली असणार, असं म्हणून फौजदारांनी कागद बंद केला.

अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले होते, आवाज येईलही. तो आला होता. पंधरवड्यापूर्वी, भर दुपारी, घरात कुणी नसताना, चुलीपुढं. घोगरा, पत्रा घासल्यासारखा. तिनं तो कुणाला ऐकवला नाही. पहिला शब्द कुठला काढावा, हेच तिचं ठरत नव्हतं. सरस्वतीबाईंना मात्र तिनं चिठ्ठी लिहून बोलावणं धाडलं होतं.

सुंदरराव विश्रामगृहाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते.

"इलेक्शन तोंडावर हाय अन् तुमी उकरून काढायला आलात, बाई."

"ती पडल्यावर सभा थांबवली का?"

"सभा कशी थांबवायची? कोरम झाल्ता! माणसं पार धर्मापुरीवरनं आल्ती. लई वाईट वाटलं, पण वाचन पुरं केलं. गहिनीनाथ जिंकला."

वत्सलानं मान खाली घातली. तिच्या कथेत ढगांची सहकारी सोसायटी होती आणि पाऊस फक्त सभासदांच्या रानात पडायचा. गहिनीनाथच्या कथेत ऊस तोडणारं यंत्र मुकादमाकडं आगाऊ उचल मागायचं. सभासद हसून लोळले असणार.

"पाण्याची काय सोय होती?"

"ज्याचं त्यानं आणायचं. टँकर आठवड्याला येतो, लग्नातसुद्धा पाहुणं आपलं पाणी घिऊन येत्यात. अन् उरलेलं वतायचं न्हाई, मागच्या खोलीतल्या बादलीत टाकायचं. बादली रोपाला. हे आमचं बँकेचं साहेब, पुण्याचं, त्यांनी त्या दिवशी चूळ भरून गिलासभर पाणी अंगणात फेकलं. मी सगळ्यांदेखत झापलं."

बँकेचे मॅनेजर विठ्ठलराव तिथंच उभे होते. सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले, शेवटच्या फेरीतले तिसरे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"आणि तासाभरानं मी पुन्हा फेकलं, तेव्हा हे पुन्हा ओरडले. सवय जात नाही हो. चाळीस वर्षं नळाचं पाणी प्यायलोय. पण पुरस्कारासाठी मी काही कुणाला विष घालणार नाही. माझ्या कथेला तर चारच हात वर झाले."

"तीन," सुंदरराव म्हणाले. "चौथा खाजवत होता."

बादली छबुबाईनं आणून दिली. ती विश्रामगृहात स्वयंपाक करायची. बादली अॅल्युमिनियमची. आत तळाशी काळा डाग होता आणि पत्रा सुया टोचल्यासारखा खाल्लेला.

"सभेच्या दिसापासनं अशी झाली, बाई. चिंच लावून घासली तरी जात न्हाई."

"वत्सलाला जीपमध्ये कुणी नेलं?"

"चार सभासदांनी उचलली. डोकं माझ्या मांडीवर. बाईंचं मालक मागनं आलं, पळत. जीप तेंच्यासाठी थांबली व्हती."

वत्सलाला ती मांडी आठवली, छबुबाईच्या लुगड्याचा धुराचा वास आठवला. बाकी सगळं घशातल्या आगीत गेलं होतं.

गहिनीनाथ उमापूरचा. कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. आला तोच तावातावानं.

"माझ्यावरच येणार, मला ठाव हाय! कॉस्टिक माझ्या हाताखालचं. पण भांडारातनं कुणीबी घेतंय. कढया धुवायला पोत्यानं येतं."

"तुम्हाला वत्सला स्पर्धेत नको होती का?"

"हरवायची होती! घसा जाळून न्हवं. जिंकूनबी लोक माझ्याकडं कसं बघत्यात, माहीत हाय? अन् रोप लावलं तेबी मेलं. माझ्या हातानं अख्खी बादली घातली त्याला. नाव लावलंय त्याच्यापुढं, सगळं गाव बघतंय. मेलेल्या रोपाला माझं नाव."

"बादलीत काय दिसलं?"

"तळाला बुडबुडं होतं. घाई होती, फोटोवाला उभा. मी वतली."

मग सगळे वत्सलाच्या घरी गेले. मोहनरावांनी चहा केला. वत्सलाला बशीत गार करून दिला, तिच्या पदरानं तिची हनुवटी टिपली.

कारखान्याच्या भांडाराचं काम ते बघत. तीन महिने त्यांनी तिला चमच्यानं पेज भरवली होती. गावात बाया त्यांचं उदाहरण देत.

"तिला म्हणायचंय की उगा तुम्हाला त्रास दिला," ते सरस्वतीबाईंना म्हणाले. "मला तिच्या नजरेवरनं कळतं."

वत्सलाला तसं काही म्हणायचं नव्हतं.

"त्या दिवशी तांब्या कुणी भरला?"

"तिनंच. सभेला जाताना जीपमध्ये एक घोटही घेतला तिनं, चांगला होता. मग पिशवी विश्रामगृहाच्या मागच्या खोलीत खुंटीला होती, तांब्या तिच्यात आडवा. सगळे येत-जात होते. ती पडली तसा मी तिला घेऊन पळालो. मागं वळून बघितलं नाही. तांब्या दुसऱ्या दिवशी फौजदारांना टेबलावर सापडला, कोरडा."

सरस्वतीबाईंनी तांब्या मागितला, पाण्यानं भरला, झाकण फिरवून घट्ट केलं आणि शहादेवच्या हातात आडवा दिला. दोन पावलांत शहादेवचा सदरा भिजला.

"आरारारा! बाई, झाकण लागलंच न्हाई!"

"आटे झिजलेत," मोहनराव म्हणाले. तांब्या घेऊन त्यांनी तळव्यानं झाकण दाबलं, अर्धं उलटं फिरवलं, मग सुलटं. एका हाताची सहज हालचाल. "असं करावं लागतं. आमच्या दोघांशिवाय कुणाला जमत नाही."

"आणि वत्सला, तुझी कथा त्याच पिशवीत होती ना? दाखव."

वत्सलानं पेटीतून कथा काढून दिली. निळ्या शाईनं लिहिलेली. सरस्वतीबाईंनी एकेक पान उजेडात धरलं. एकही अक्षर फुटलं नव्हतं.

"उद्या सकाळी विश्रामगृहावर या सगळे," त्या म्हणाल्या.

सकाळी व्हरांड्यात सहाजण बसले. शहादेव दाराशी उभा राहिला. सरस्वतीबाईंनी टेबलावर बादली, तांब्या आणि कागदातली माती मांडली.

"माती तपासली. कॉस्टिक आहे. बादलीचा पत्रा कॉस्टिकनंच खाल्लाय, ते अॅल्युमिनियमला खातं. म्हणजे वत्सला पडल्यावर कुणीतरी पुरावा नाहीसा करायला तांब्या रिकामा केला. तो या बादलीत. पुढं ती बादली गहिनीनाथनं रोपाला घातली."

"म्हंजे गहिनीनाथ!" शहादेव म्हणाला.

"केमिस्ट माणूस कॉस्टिक अॅल्युमिनियममध्ये ओतेल? आणि मग फोटोसाठी उभा राहून स्वतःच्याच नावाच्या रोपाला घालेल?"

गहिनीनाथनं तोंडावरनं हात फिरवला.

"मग साहेब," शहादेवनं विठ्ठलरावांकडं बघितलं.

"साहेबांनी ते अंगणात फेकलं असतं. सगळ्यांदेखत झापल्यावरही त्यांचा हात अंगणाकडंच गेला. विचार करा. माणूस घाईत आहे, हातात विष आहे, खिडकीबाहेर उघडी जमीन. तिथं ओतलं असतं तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण ज्याचा जन्म इथं गेला, त्याच्या हातानं पाणी जमिनीवर सांडत नाही. ते पाणी नाही, हे माहीत असूनही. हात आपसूक बादलीकडं गेला."

"आमी सगळेच इथले हाव," सुंदरराव पुटपुटले.

"म्हणून तांब्या. जाताना जीपमध्ये वत्सला चांगलं पाणी प्यायली. कॉस्टिक नंतर पडलं, म्हणजे झाकण कुणीतरी उघडलं आणि पुन्हा लावलं. तांब्या पिशवीत आडवा, शाईच्या कागदाला टेकून. माझ्या हातनं लावलेलं झाकण दोन पावलांत गळलं. तिच्या कथेचं एक अक्षरही फुटलेलं नाही. झाकण लावणाऱ्याला दाबून उलटं फिरवायची खुबी ठाऊक होती. ती दोघांनाच आहे, हे मोहनरावांनीच सांगितलं. आणि ते म्हणतात, तिला घेऊन पळालो. छबुबाई, तिला कुणी नेलं?"

"सभासदांनी," छबुबाई हळू म्हणाली. "मालक मागनं आलं."

वत्सलानं नवऱ्याच्या हातांकडं बघितलं. याच हातांनी काल चहा गार केला होता. तिला आश्चर्य वाटत होतं ते एवढंच, की तिला आश्चर्य वाटत नव्हतं. झाकण नेहमीसारखं घट्ट होतं, हे माइकसमोर तिच्या बोटांना कळलं होतं. तीन महिने ती तेवढाच विचार पुढं ढकलत होती.

मोहनराव समजूत घातल्यासारखं बोलले.

"मूठभरच टाकलं. मरावं म्हणून नाही. वाचता येऊ नये एवढंच. वाचलं असतं तर जिंकली असती आणि मुंबईला गेली असती. कथा चांगलीच होती. मीच पहिल्यांदा ऐकली होती." त्यांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. "नंतर मी काय कमी केलं? विचारा गावाला. एवढी सेवा कुणी करतं का बायकोची?"

विठ्ठलराव उठून कठड्याशी जाऊन उभे राहिले.

सुंदररावांनी घसा खाकरला. "हे बघा. झालं ते लई वाईट. पण आता तोंडावर इलेक्शन हाय, कारखान्याचं नाव हाय. रविवारी परत सभा घेतो. बाईंची कथा कुणीतरी वाचंल, हात मी वर करायला लावतो. शाल, श्रीफळ, रोप, समदं. गहिनीनाथ, तुझी हरकत न्हाई ना?"

"न्हाई," गहिनीनाथ जमिनीकडं बघत म्हणाला.

"ताई," शहादेव पुढं आला. पहिल्यांदाच त्यानं डोकं खाजवलं नाही. "फिर्याद तुमचीच लागंल. तुमी न्हाई म्हणलात तर आमाला काय करता येत न्हाई."

मोहनरावांनी हात उचलून तिच्या खांद्यावर ठेवला. नेहमीसारखाच, हलका.

"तिला म्हणायचंय की घरातलं घरात राहू द्या. तिला म्हणायचंय..."

वत्सलानं तो हात खाली ठेवला. समोर मेलेलं रोप उन्हात उभं होतं. तिनं आवंढा गिळला, तो अजूनही खरवडत खाली गेला. मग आवाज आला. घोगरा, पत्रा घासल्यासारखा, पण व्हरांड्याच्या टोकापर्यंत स्पष्ट. मोहनराव दचकून मागं सरले.

"पुरस्कार नको," ती म्हणाली. "फिर्याद देते. आणि मुंबईला जाते."